नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी साहित्यिक नाही, शिक्षणतज्ज्ञही नाही. परभणीत छोट्या व्यावसायिकांचे हिशेब लिहिणे आणि त्यांचे सरकारी अर्ज भरणे हे माझे काम. अशा माणसाला व्यासपीठावर उभे केले की तो आपल्या टेबलावरचीच गोष्ट सांगणार. माझ्या टेबलावर हल्ली वरचेवर येणारी गोष्ट म्हणजे नाव. पूर्वी किराणा, कापड, लाकूड यांची दुकाने निघत, आणि नावाचा प्रश्न पाच मिनिटांत सुटे. वडिलांचे नाव, आजोबांचे नाव, नाहीतर गावाचे नाव. आता आपली मुले-मुली संगणकाचे प्रोग्राम लिहितात, मोबाईलवर चालणारी अ‍ॅप तयार करतात, कोणी दुरुस्तीचे केंद्र काढतो, कोणी दुकानदारांना हिशेबाची प्रणाली बसवून देतो. भांडवल असते एक लॅपटॉप आणि घरातली एक खोली. आणि नाव? शंभरातले बहुतेक नाव एकाच साच्यातले. पुढे ‘ग्लोबल’ किंवा ‘स्मार्ट’, मध्ये ‘इन्फो’ किंवा ‘टेक’, शेवटी ‘सोल्युशन्स’. बोर्ड वाचून चार पावले पुढे गेलात की नाव विसरलात.

मराठी भाषा मोठी खट्याळ आहे. तिच्यात नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांत एका मात्रेचे अंतर. एक आनंदाचे काम, दुसरे निंदेचे. आपण पालक मंडळी त्या दुसऱ्याच्या भीतीने पहिले काम बिघडवतो, असे मला वाटते. हे मत कसे बनले ते सांगतो.

काही दिवसांपूर्वी एक गृहस्थ मुलीला घेऊन माझ्याकडे आले. मुलगी उर्दू माध्यमातून दहावी, मग विज्ञान शाखा, मग संगणकाची पदवी असे शिकलेली. तिने मेडिकल दुकानांसाठी एक प्रोग्राम लिहिला होता. औषधांची मुदत संपत आली की तो आधीच इशारा देतो, म्हणजे माल वेळेत स्टॉकिस्टकडे परत पाठवता येतो. मुदत संपलेली बाटली चुकून काउंटरवर विकायला आली, तर पडद्यावर लाल अक्षरे उमटतात. मेडिकलवाल्याचे यात किती पैसे वाचतात, हे त्या धंद्यातल्या माणसालाच विचारा. वडिलांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर लिहिले होते, ‘न्यू ग्लोबल इन्फोटेक सोल्युशन्स’. मी मुलीला विचारले, “तुला काय ठेवायचे आहे?” ती खाली मान घालून म्हणाली, “नक्को.”

मला वाटले, तिला काहीच ठेवायचे नाही. मी म्हटले, “बेटा, नाव तर लागेलच.” तेव्हा ती हसली. “नाही सर, नावच ‘नक्को’. पडद्यावर लाल अक्षरांत तेच येते.”

वडिलांनी कपाळाला हात लावला. “साहेब, घरात बोलतो ते कोणी बोर्डावर लिहितो का? लोक हसतील. बँकेचा साहेब हसेल.”

मित्रहो, हसण्याची ही भीती आधी पाहू. जगातल्या मोठ्या संगणक कंपन्यांची नावे पहिल्यांदा ऐकली तेव्हा लोक हसलेच असतील. १९७६ साली अमेरिकेत दोन तरुणांनी संगणकाच्या कंपनीचे नाव ठेवले ‘अ‍ॅपल’, म्हणजे सफरचंद. त्या काळी तिकडच्या कंपन्या आपल्या नावात ‘इंटरनॅशनल’, ‘बिझनेस’, ‘मशीन्स’ असे वजनदार शब्द घालत. ‘गूगल’ हा शब्द ‘गूगॉल’ या संख्येवरून आला. एकावर शंभर शून्ये म्हणजे एक गूगॉल. एडवर्ड कॅस्नर नावाच्या गणितज्ञाने आपल्या नऊ वर्षांच्या भाच्याला या संख्येचे नाव सुचवायला सांगितले आणि त्या पोराने हा शब्द दिला, अशी त्याची हकीकत आहे. पुढे १९९७ साली कंपनीवाल्यांनी नाव घेतले तेही वेगळ्या स्पेलिंगने. म्हणजे आज सारी दुनिया ज्या नावाने शोध घेते ते एका मुलाच्या गमतीतून आलेले आहे. चार आपल्या माणसांनी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात कंपनी काढली तिचे नाव ‘जंगली’! ती १९९८ साली अ‍ॅमेझॉनने विकत घेतली. हसणारे तेव्हा कोठे होते, ते कोणी विचारले नाही.

पण परदेशाची उदाहरणे दिली की पालक म्हणतात, ते मोठे लोक, आपण परभणीचे. ठीक आहे, परभणीचेच घ्या. आपल्या कृषी विद्यापीठाने १९८० च्या दशकात भेंडीचे एक वाण दिले. पाने पिवळी पाडणाऱ्या विषाणू रोगाला तोंड देणारे. त्याचे नाव ‘परभणी क्रांती’. आता भेंडी आणि क्रांती! एकीकडे सुईदोऱ्याएवढी भाजी, दुसरीकडे केवढा शब्द. पण हे नाव देशभरच्या बियाण्यांच्या दुकानांत गेले. परभणी न पाहिलेला शेतकरी परभणीचे नाव घेऊन बियाणे मागतो. याच विद्यापीठाने इक्रिसॅट या संस्थेबरोबर लोह आणि जस्त अधिक असलेली ज्वारी तयार केली, ती २०१८ साली ‘परभणी शक्ती’ या नावाने बाहेर आली. कागदोपत्री तिला ‘पीव्हीके १००९’ असा क्रमांकही आहे. शेतकरी दुकानात जाऊन काय मागेल, क्रमांक की शक्ती? ज्या गावाविषयी बाहेरचे लोक ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असे थट्टेने म्हणतात, त्या गावाच्या शास्त्रज्ञांनी गावाचे नाव लपवले नाही, उलट पुढे लावले.

शेजारच्या जालन्यातली ‘महिको’ घ्या. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी ‘महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी’ काढली. एवढे लांब नाव कोण उच्चारणार? इंग्रजी अक्षरे जुळवून ‘महिको’ झाले आणि तेच चालले. आपल्या शहराचेही तसेच. प्रभावतीनगरीचे परभणी झाले, असे आपण लहानपणापासून ऐकतो. लोकांची जीभ लांब नाव कापतेच. मग ती कापण्याआधी तुम्हीच का कापू नये?

पुण्याचे उदाहरण तर मुलांनी पाठच करावे. सातारा जिल्ह्यातून आलेले कैलाश काटकर दहावीपर्यंत शिकलेले. कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता त्यांनी संगणक दुरुस्तीचे दुकान काढले, ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’. दुरुस्तीला येणारी यंत्रे व्हायरसने बिघडलेली असत. त्यांचे बंधू संजय यांनी त्यावर उपाय करणारा प्रोग्राम लिहिला आणि त्याला नाव दिले ‘क्विक हील’, झटपट बरे करणारा. औषधाच्या बाटलीवर शोभेल असे नाव संगणकाला दिले. पुढे झाले असे की गिऱ्हाईक कंपनीचे नाव विसरले आणि औषधाचे लक्षात राहिले. अखेर २००७ साली कंपनीनेच आपले नाव बदलून ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ करून घेतले. २०१६ साली तिचे शेअर बाजारात आले.

म्हणून मी त्या गृहस्थांना म्हटले, बँकेचा साहेब हसला तर हसू द्या. त्याच्या टेबलावर दिवसाला दहा ‘सोल्युशन्स’ येतात. हसला म्हणजे लक्षात राहिले. जाहिरातीला ज्याच्याकडे पैसे नाहीत, त्याची जाहिरात नावानेच करायची असते.

ते थोडे शांत झाले. मुलगी पाणी आणायला बाहेर गेली तेव्हा मात्र ते खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, “साहेब, खरे सांगू? नक्को म्हटले की कळतेच ना, कोणाच्या घरातले आहे ते. गिऱ्हाईक नाव ऐकूनच माघारी गेले तर? ग्लोबल म्हटले तर कोणाला काही कळत नाही.”

पालकहो, त्या कागदावरच्या ‘न्यू ग्लोबल’मागे हे होते. तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात हेच असते, आणि तुम्ही ते मुलांना सांगत नाही. त्यांना घर भाड्याने घेताना, नोकरीचा अर्ज भरताना काय अनुभव आले ते मी विचारले नाही. विचारण्याची गरज नव्हती. त्यांची भीती खोटी आहे असे म्हणायला मी तयार नाही.

पण त्या भीतीचा उपाय ‘ग्लोबल’ आहे का? थोडा हिशेब करू. व्यवसाय एकट्याच्या मालकीचा असेल तर बिलावर, बँकेच्या खात्यावर, जीएसटीच्या दाखल्यावर मालकाचे नाव येतेच. दुकानात प्रोग्राम बसवायला मुलगी स्वतः जाणार, फोन तीच उचलणार. म्हणजे बोर्डाने जे लपवले ते पहिल्या भेटीत उघड होणार. मग लपवण्याचा फायदा किती, आणि नाव विसरले जाण्याचे नुकसान किती?

काहीजण विप्रो आणि सिप्ला यांची नावे घेतात. म्हणतात, बघा, त्यांनी कसे नाव ठेवले, काही कळत नाही! तेव्हा ती हकीकत नीट सांगितली पाहिजे. महंमद हाशम प्रेमजी यांनी १९४५ साली जळगाव जिल्ह्यातील अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना काढला, ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘विप्रो’ निघाले. १९६६ मध्ये वडिलांच्या निधनानंतर एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी शिक्षण सोडून आले आणि पुढे त्याच तुपाच्या नावाने संगणकाची कंपनी उभी राहिली. डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत ‘केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज’ स्थापन केली, तिची आद्याक्षरे म्हणजे ‘सिप्ला’. ही दोन्ही नावे लांब नाव कापून झालेली आहेत, जशी महिको झाली. त्यांत मला लपवाछपवी दिसत नाही. प्रेमजींनी आपले आडनाव कोठे लपवले? आणि अलीकडचे पाहायचे तर २०१२ साली दुबईत भाड्याच्या मोटारींची सेवा निघाली, तिचे नाव ‘करीम’. अरबी शब्द, अर्थ उदार. तीच सेवा पुढे अमेरिकेच्या उबर कंपनीने ३१० कोटी डॉलरला घ्यायचे ठरवले. नावामुळे सौदा अडला नाही.

‘नक्को’विषयी आणखी एक गंमत आहे, आणि ती मला त्या मुलीने सांगितली. हा शब्द आपण आपला समजतो, पण तो आला मराठीच्या ‘नको’मधून. आपल्या दखनीने त्यावर जरा जोर दिला एवढेच. मेडिकलवाला कोणत्याही समाजाचा असो, नाव ऐकताच त्याला अर्थ कळणार. एकाला तो आपल्या घरातला वाटेल, दुसऱ्याला शेजारच्या घरातला. ‘ग्लोबल’ मात्र कोणाच्याच घरातला नाही. तिचे हे बोलणे ऐकून वडील गप्प बसले. मीही थोडा वेळ गप्प बसलो.

आता विद्यार्थ्यांसाठी कामाच्या चार गोष्टी, कारण नुसते गमतीदार नाव सुचले म्हणजे झाले असे नाही.

एकट्याच्या मालकीच्या छोट्या व्यवसायाला नाव मंजूर करून घ्यावे लागत नाही. कामगार थोडे असतील तर दुकाने आणि आस्थापना कायद्याखाली सूचना द्यायची, आणि उद्यम नोंदणी फुकट करून घ्यायची. पण प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायची तर नाव केंद्राच्या निबंधकाकडून राखून घ्यावे लागते. एका अर्जात दोन नावे देता येतात, फी एक हजार रुपये. नव्या कंपनीसाठी मंजूर झालेले नाव २० दिवस राखून ठेवतात. आधीच्या कंपनीशी मिळतेजुळते नाव फेटाळले जाते. अनेकवचन केले, जागा सोडली, टिंब टाकले, उच्चार तोच ठेवून स्पेलिंग बदलले, याने नाव वेगळे होत नाही. ‘टेक’चे इंग्रजी स्पेलिंग बदलणारे तरुण मी पुष्कळ पाहिले. सगळ्यांचे अर्ज परत आले.

दुसरी बाब ट्रेडमार्कची. १९९९ च्या कायद्याप्रमाणे, जो शब्द मालाचे नुसते वर्णन करतो त्यावर सहसा एकाची मालकी होत नाही. सफरचंद विकणाऱ्याला ‘सफरचंद’ हे नाव स्वतःपुरते मिळणार नाही, संगणक विकणाऱ्याला मिळते. म्हणजे विचित्र नाव नुसते गमतीचे नसते, कायद्यातही ते जास्त मजबूत असते. ‘परभणी मेडिकल सॉफ्टवेअर’ उद्या कोणीही म्हणेल, ‘नक्को’ म्हणताना त्याला विचार करावा लागेल. प्रोग्रामसाठी वर्ग ९ आणि सेवेसाठी वर्ग ४२ पाहावा. एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाईन अर्जाची फी दर वर्गाला साडेचार हजार रुपये आहे, आणि नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. अर्ज करण्यापूर्वी सरकारी यादीत शोध घ्या, तो फुकट आहे. सफरचंदाच्या कंपनीलासुद्धा बीटल्स या गायकांच्या ‘अ‍ॅपल’ कंपनीशी १९७८ पासून भांडावे लागले, ते २००७ मध्ये कायमचे मिटले.

पवित्र नावे मात्र व्यापारात आणू नयेत, असे माझे मत आहे. बिलाचा कागद पायाखाली जातो, खोक्यावर लोक बसतात. कायदाही बराचसा याच दिशेने आहे. पाटण्याच्या एका अगरबत्तीवाल्याला ‘रामायण’ हे नाव आपल्या एकट्यासाठी हवे होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले की धर्मग्रंथाच्या नावावर कोणा एकाची मालकी होऊ शकत नाही.

आणि आता माझी आवडती परीक्षा. आपली मुले तीन लिप्या वाचतात, उर्दू, देवनागरी आणि इंग्रजी. ही दौलत आहे, पण आपण तिला ओझे समजतो. नाव सुचले की ते तिन्ही लिप्यांत लिहून पाहा. पुष्कळ इंग्रजी गमती तिथेच मरतात. ‘हॉटमेल’ या नावात इंटरनेटच्या भाषेची चार अक्षरे, एच, टी, एम, एल, मोठ्या लिपीत दडवली होती. देवनागरीत ‘हॉटमेल’ लिहा, गंमत गेली. ‘फ्लिकर’वाल्यांनी २००४ मध्ये इंग्रजी नावातला शेवटचा स्वर गाळला, आणि पुढे तशी फॅशनच आली. अलिफ-बे शिकलेल्या मुलाला त्यात नवल काय? आपण जबर, जेर, पेश गाळूनच लिहितो! या परीक्षेची गरज का, तर महाराष्ट्रात दुकानाचा बोर्ड मराठीत, देवनागरीत असणे सक्तीचे आहे. २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही ते लागू झाले, आणि मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. इंटरनेटवरचा पत्तासुद्धा २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ असा घेता येतो.

नाव फोनवर सांगून पाहणे हेही विसरू नका. अ‍ॅमेझॉनचे पहिले नाव ‘कॅडाब्रा’ होते, जादूच्या मंत्रातले. वकिलाला ते फोनवर ‘कॅडॅव्हर’ असे ऐकू आले, म्हणजे प्रेत. नाव बदलले. तुम्ही जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेडच्या एखाद्या ओळखीच्या दुकानदाराला फोन लावा, नाव एकदाच सांगा आणि त्याला परत म्हणायला सांगा. तो जे म्हणेल तेच तुमचे खरे नाव.

त्या मुलीने ही परीक्षा माझ्यासमोर घेतली. इंग्रजीत नाव ठीक बसले. उर्दूत नून, काफ, वाव. तश्दीद दिली नाही तरी आपल्या माणसाला कळते. देवनागरीत मात्र दोन क जोडावेच लागतात. वडिलांनी सही केली, अर्ज गेला. ‘न्यू ग्लोबल’चा कागद त्यांनी घडी घालून पुन्हा खिशात ठेवला, फेकला नाही. मीही काही बोललो नाही.

बोर्ड रंगवायला दिला तेव्हा पेंटरने ‘नको’ असे रंगवून आणले. पोरीच्या शुद्धलेखनातली चूक आपण सुधारली, असे त्याला वाटले होते. मुलीने बोर्ड परत पाठवला. दुसऱ्या दिवशी तो दुरुस्त होऊन आला. जादा ‘क’चे पेंटरने पैसे घेतले नाहीत, पण जाताना वडिलांना विचारले, “भाईजान, आमच्या मेव्हण्याचे मेडिकल आहे मानवतला. हे नक्को त्याला बसवून मिळेल काय?”